मनगटातली दोरी

माझ्या डाव्या मनगटात एक दोरी कमी आहे. हे मला एकोणिसाव्या वर्षी कळलं, आणि त्याआधीचे चार दिवस मी स्वतःलाच दोष देत होते.

करून बघा. अंगठ्याचं टोक करंगळीच्या टोकाला टेकवा आणि मनगट थोडं आत वाकवा. मनगटाच्या मधोमध कातडीखाली एक ताठ दोरी उठून दिसते. ती पामॅरिस लाँगस या स्नायूची टेंडन, म्हणजे स्नायूचं दोरीसारखं टोक. डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षी आमचं डिसेक्शन, म्हणजे मृतदेहाचं विच्छेदन, हातापासून सुरू झालं, त्यामुळे हिची ओळख पहिल्या पंधरवड्यातच झाली. उजव्या हाताला दोरी लगेच उठली. डाव्या हाताला काही केल्या उठेना. मी बोटं आणखी जोरात दाबली, मनगट आणखी वाकवलं, हात दिव्याखाली धरला. रूममेटला म्हटलं, "मला नीट करता येत नाहीये." तिनं आधी उजवा हात बघितला, मग डावा, आणि म्हणाली, "एका हातानं येतंय की तुला!" तरी ती दोरी मुळात नसेलच, हे माझ्या डोक्यात शिरलं नाही. पुस्तकातल्या चित्रात होती ना ती!

चौथ्या दिवशी त्याच चित्राखालचा बारीक टाइप वाचला. साधारण १५ टक्के माणसांत हा स्नायू एका किंवा दोन्ही हातांत नसतो, आणि हे प्रमाण समाजागणिक बरंच बदलतं. नसला तरी पकडीत जाणवण्यासारखा फरक पडत नाही. म्हणूनच दुसरीकडची टेंडन दुरुस्त करायची असली की सर्जन बऱ्याचदा हीच काढून तिथे वापरतात. मी त्या पानावरून आधी दोनदा गेले होते. नावं पाठ करत.

पाठांतराला पर्याय नसतो, हेही खरं. मनगटात आठ छोटी हाडं, ती ओळीनं यावी लागतात: स्कॅफॉइड, ल्युनेट, ट्रायक्वेट्रल, पिसिफॉर्म, ट्रॅपिझियम, ट्रॅपिझॉइड, कॅपिटेट, हॅमेट. इंग्रजीतली युक्तीची वाक्यं मला कधी लक्षात राहिली नाहीत, म्हणून स्वतःचं बनवलं: "सखे, लवकर ट्रेन पकड, ट्रेनमध्ये ट्रंक कोण हलवेल?" फार काही भारी वाक्य नाही, पण परीक्षेत चाललं.

वाक्यानं क्रम आला, हाड काही आलं नाही. स्कॅफॉइड खरं आलं ते बोटानं. अंगठा ताठ वर उचलला की त्याच्या बुडाशी, मनगटाच्या कडेला, दोन टेंडनच्या मधे एक खळगा पडतो. त्या खळग्याच्या तळाशी जे कडक लागतं ते स्कॅफॉइड. माणूस पडताना हात टेकवून पडला की हे हाड आपल्या कमरेत, म्हणजे मधल्या अरुंद भागात, मोडू शकतं. आणि त्याचा रक्तपुरवठा उलटा आहे: मुख्य रक्तवाहिन्या बोटांच्या बाजूनं आत शिरतात आणि मागे, कोपराच्या दिशेला जातात. म्हणजे मधे मोडलं की मागच्या तुकड्याचं पाणी तुटलं. तो तुकडा मरूही शकतो. पहिल्या एक्स-रेत ही चीर कित्येकदा दिसतच नाही. म्हणून पडलेल्या माणसाचा तो खळगा दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे चांगला असूनही मनगट बांधून ठेवतात आणि काही दिवसांनी पुन्हा तपासतात. हे कळल्यावर स्कॅफॉइड विसरणं मला शक्यच राहिलं नाही. ट्रॅपिझॉइडबद्दल अशी काही गोष्ट मला माहीत नाही, त्यामुळे ते अजूनही ट्रंकमध्येच आहे.

पोटाच्या डिसेक्शनला मात्र आमच्या अख्ख्या टेबलाची शोभा झाली. एका टेबलावर आम्ही सहाजण. समोर एका वृद्ध बाईंचा देह. आम्ही त्यांना आजीच म्हणायचो. फॉर्मलिननं डोळे चुरचुरत होते. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं: यकृताची उजवी कडा वर उचला, खाली पित्ताशय दिसेल. उचलली. नाही. एकानं यकृत धरून ठेवलं, दुसऱ्यानं चिमट्यानं चरबी बाजूला केली, तिसरी मोठ्यानं मॅन्युअल वाचत होती, जसं काही मोठ्यानं वाचल्यावर पित्ताशय बाहेर येईल. शेजारच्या टेबलावर होतं, हिरवंगार, आजूबाजूचं सगळं रंगवून बसलेलं. आपल्या हातून फाटलं असणार, असं आमचं एकमत झालं आणि कुणाच्या हातून, यावर हळू आवाजात भांडण सुरू झालं.

चाळीसेक मिनिटांनी मॅडम आल्या. त्यांनी आत हातही घातला नाही. आम्ही उजवीकडे उलटून ठेवलेली पोटाची कातडी उचलून पुन्हा जागेवर घातली आणि म्हणाल्या, "हे काय आहे?"

उजव्या बरगड्यांच्या खाली, तिरका, माझ्या पंजाएवढा लांब, जुना पांढरट व्रण. आजींचं पित्ताशय कधीच काढून टाकलेलं होतं. मग सांगितलं तिथे शोधल्यावर पित्तनलिकेच्या कडेला काळ्या धाग्याची बारीकशी गाठसुद्धा सापडली. आदल्या आठवड्यात त्याच कातडीवर आम्ही खडूनं रेषा आखून चिरा दिला होता. सहाजणांनी, बारा डोळ्यांनी. व्रण कुणालाच दिसला नव्हता, कारण मॅन्युअलमध्ये त्या पायरीला "व्रण बघा" असं लिहिलेलं नव्हतं.

(पित्ताशयाशिवाय माणूस कसा जगतो, हा मला तेव्हा पडलेला प्रश्न. पित्त तयार करतं यकृत, दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर. पित्ताशय म्हणजे नुसती साठवणीची पिशवी, तीही पन्नासेक मिलिलिटरची. पिशवी काढली की पित्त थेट आतड्यात ठिबकत राहतं. आणि आपण "पित्त झालंय" म्हणतो तेव्हा घशाशी जे येतं ते बहुतेक वेळा जठरातलं आम्ल असतं. काळजाचंही तेच. काळीज म्हणजे मुळात यकृत, पण धस्स होतं ते छातीत! शरीरक्रियाशास्त्र शिकताना मराठी वाक्प्रचार जरा बाजूला ठेवावे लागतात.)

त्या दिवशी मॅडमनी आम्हांला रागावण्याऐवजी गेलनची गोष्ट सांगितली. दुसऱ्या शतकातला रोममधला हा वैद्य माकडं आणि डुकरं कापून शरीर शिकला आणि त्यावरून माणसाबद्दल लिहून गेला. माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा, छातीचं मधलं हाड सात तुकड्यांचं, असं सगळं. पुढे हजाराहून जास्त वर्षं लोक तेच शिकत राहिले. विच्छेदन होतानासुद्धा प्राध्यापक उंच आसनावर बसून ग्रंथ वाचायचे आणि खाली कापायचा दुसराच कुणीतरी. १५४३ साली अठ्ठावीस वर्षांच्या आंद्रेआस व्हेसालियसनं स्वतःच्या हातानं केलेल्या विच्छेदनावरून लिहिलं की जबड्याचं हाड एक आहे आणि छातीच्या हाडाचे भाग तीन. यावर पॅरिसमधले त्याचे जुने शिक्षक सिल्व्हियस त्याच्यावर तुटून पडले. त्यांचं म्हणणं, गेलन चुकलेला नाही, त्याच्या काळानंतर माणसाचं शरीरच बदललंय. आम्ही खूप हसलो. पण चाळीस मिनिटं "फाटलं असणार" म्हणणारे आम्हीच होतो.

मी यातून लगेच सुधारले असते तर बरं झालं असतं. पुढच्याच महिन्यात फिजिओलॉजीच्या प्रॅक्टिकलला रक्तदाब मोजायचा होता. कॉरोट्कॉफ या रशियन डॉक्टरनं १९०५ साली सांगितलेली पद्धत: दंडाला पट्टा बांधायचा, धमनी पूर्ण दाबली जाईल इतकी हवा भरायची आणि कोपराच्या खळगीत स्टेथोस्कोप ठेवून हळूहळू हवा सोडायची. धमनी बंद असते तेव्हा आवाज नाही, पूर्ण उघडल्यावरही नाही. अर्धवट दबलेल्या धमनीतून रक्त उसळत जातं तेवढ्यापुरतंच टक्-टक्. टक्-टक् सुरू होतं तो वरचा आकडा, थांबतं तो खालचा.

मला काहीच ऐकू आलं नाही. पारा उतरत गेला, मी मान डोलावत राहिले आणि वहीत लिहिलं १२०/८०. सरांनी स्टेथोस्कोप माझ्या हातातून घेतला, त्याच्या चकतीवर टिचकी मारली, स्वतःच्या कानाशी धरला, पुन्हा मारली. चकती दुसऱ्या बाजूला फिरलेली होती. त्या स्टेथोस्कोपातून मला तोफसुद्धा ऐकू आली नसती. "फार छान बी.पी. आहे," सर म्हणाले, "पुस्तकातलं." रूममेटचं खरं निघालं १०४/६८.

त्या रात्री लाजेपोटी म्हणा, मी हार्वे या जुन्या इंग्रज डॉक्टरचा प्रयोग स्वतःवर केला. याला काहीच लागत नाही, एक रुमाल पुरतो. दंडाला रुमाल बांधायचा, फार आवळायचा नाही. हाताच्या शिरा फुगतात आणि त्यांत मधेमधे बारीक गाठींसारखे उंचवटे दिसतात, त्या झडपा. मनगटाच्या बाजूला एका शिरेवर बोट दाबून ठेवायचं आणि दुसऱ्या बोटानं त्याच शिरेतलं रक्त कोपराच्या दिशेनं झडपेपलीकडे ढकलायचं. मधला भाग सपाट होतो. वरचं बोट उचललं तरी सपाटच राहतो. झडप रक्ताला खाली येऊ देत नाही. मग खालचं बोट उचललं की शीर खालून झर्रकन भरते. मी दहा-बारा वेळा केलं. रूममेट झोपेतून म्हणाली, "दिवा." मी टॉर्च लावून आणखी दोनदा केलं.

रक्त सतत नव्यानं तयार होतं आणि शरीरात मुरतं, अशी तेव्हाची समजूत होती. १६२८ साली विल्यम हार्वेनं या झडपा दाखवल्या आणि जोडीला साधा हिशेब मांडला. आजचे आकडे घ्या: एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर, मिनिटाला ७० ठोके, म्हणजे जवळपास पाच लिटर. अंगात एकूण रक्तच तेवढं. दर मिनिटाला इतकं रक्त नवं कुठून येणार? तेच फिरून येत असलं पाहिजे. धमनीतून शिरेत ते जातं कसं, हे मात्र हार्वेला दिसलं नाही. केशवाहिन्या माल्पिगी या इटालियन शास्त्रज्ञाला बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या १६६१ साली, हार्वे वारल्यानंतर चार वर्षांनी.

वर्षाअखेरची तोंडी परीक्षा. बाहेरून आलेले परीक्षक, वयस्कर, चष्मा कपाळावर. माझ्या आधीच्या मुलाला त्यांनी नुसत्या मणक्यांवर रडवलं होतं. मला म्हणाले, "मनगटात मीडियन नर्व्ह दाखव. स्वतःच्या."

मीडियन नर्व्ह म्हणजे मनगटातून पंजात जाणारा मज्जातंतू. तो शोधायची खूण म्हणजे हीच पामॅरिस लाँगसची दोरी. तिच्या खाली, जरा अंगठ्याच्या बाजूला नर्व्ह. उजवा हात पुढे केला असता तर दहा सेकंदांत सुटले असते. का कोण जाणे, डावा केला. अंगठा करंगळीला लावला, मनगट वाकवलं. मधोमध काहीच उठलं नाही.

परीक्षकांनी चष्मा खाली घेतला. "दोरी कुठाय?"

"नाहीये, सर. या हाताला नाहीच."

"मग नर्व्ह कुठे शोधणार?"

अंगठ्याच्या बाजूला फ्लेक्सर कार्पी रेडियालिसची टेंडन असते, जाड, तीही मनगट वाकवल्यावर दिसते. ती मला होती. तिच्यावर बोट ठेवलं आणि करंगळीच्या दिशेनं किंचित सरकवलं.

"इथे."

नर्व्ह तिथे दबलेली असली तर टिचकीनं बोटांत मुंग्या येतात. त्यांनी त्या जागेवर बोटानं दोन-तीनदा टिचकी मारली. "झालं काही?"

"नाही, सर."

"उत्तम. व्हायला नकोच," ते म्हणाले, आणि पुढचं हाड हातात दिलं. ट्रॅपिझॉइड होतं.