आईनं पाठ फिरवली

आज खानापूरला बोचियाचा सराव घेतला. पांढऱ्या चेंडूच्या जास्तीत जास्त जवळ आपला चेंडू न्यायचा, असा हा खेळ. मुळात सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळं हालचालींवर ताबा नसणं) असलेल्यांसाठीचा, १९८४ पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे. ज्यांना चेंडू टाकता येत नाही त्यांच्यासाठी घसरपट्टी असते. आमची ४ इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून केलेली. मदतनीस ती हलवतो, पण मैदानाकडे पाठ करून. वळून बघायचं नाही, ठरवणार खेळाडूच.

आज एका खेळाडूची मदतनीस होती त्याची आई. १९ वर्षं त्याचं सगळं तिनंच ठरवलेलं. "डावीकडं... अजून..." तो कष्टानं सांगत होता. तिची मान सारखी वळायची. "मावशी, बघायचं नाही हं!"

लाल चेंडू पांढऱ्याला जाऊन टेकला. तो ओरडला. तिला ओरडण्यावरनंच कळलं, पदर डोळ्यांना लावला.

याला कुणी टाइमपास म्हटलं की मला फार लागतं.

पुढच्या रविवारी पाइप वीतभर लांब आणायचाय. त्यानंच सांगितलंय.