बॉब वुड : संपादक आणि गुन्हेगार

न्यूयॉर्कचे प्रकाशक लेव्ह ग्लीसन यांनी १९४२ साली ‘क्राइम डज नॉट पे’ (म्हणजे ‘गुन्ह्याने फायदा होत नाही’) हे कॉमिक सुरू केले आणि त्याचे संपादन चार्ल्स बिरो व बॉब वुड या जोडीकडे सोपवले. खऱ्या गुन्हेगारांच्या कथा सांगणाऱ्या या कॉमिकची लोकप्रियता इतकी वाढली की साठ लाखांहून अधिक वाचक असल्याचा दावा मुखपृष्ठावरच छापला जाऊ लागला. पुढे १९५४ मध्ये कॉमिक्सच्या मजकुरावर निर्बंध घालणारी आचारसंहिता आली आणि वर्षभरात हे कॉमिक बंद पडले.

१९५८ च्या ऑगस्टमध्ये, दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या वुडने न्यूयॉर्कमधल्या ग्रॅमर्सी पार्कजवळच्या एका हॉटेलच्या खोलीत आपल्यासोबतच्या महिलेला इस्त्रीने मारून ठार केले. मनुष्यवधाबद्दल त्याला जेमतेम तीन वर्षांची शिक्षा झाली. ही शिक्षा मला आजही संतापजनक वाटते. कॉमिक्सचे चाहते हा प्रसंग मासिकाच्या नावाशी जुळणारा योगायोग म्हणून चवीने सांगतात, तेव्हा मारल्या गेलेल्या त्या स्त्रीचा साधा उल्लेखही बहुधा होत नाही, याचे मला फार वाईट वाटते. वुड १९६६ मध्ये मोटारीच्या धडकेने मरण पावला.