मांडव उतरवताना

कार्तिक वद्य पक्ष

तुळशीची लग्ने पार पडली, भात झोडून घरात आले आणि परसातले वेल बुडाकडून पिवळे पडू लागले, म्हणून आज वेलांचा मांडव उतरवायला घेतला. या सुमारास वेलांवर जे उरते ते अनेकांना टाकाऊ वाटते. माझे मत वेगळे आहे. कोवळी भाजी तोडली की दोन दिवसांत खावी लागते, पण वेलावर पुरती पक्व झालेली फळे नीट उतरवली तर पुढचे कित्येक महिने घराला पुरतात, आणि कोकणातल्या जुन्या घरांची बेगमी याच फळांवर चालत असे.

सगळ्यांत अधिक जीव लावावा असे फळ म्हणजे तवसे. पावसाळ्यात जिची कोशिंबीर होते तीच काकडी वेलावर राहिली की चांगली हातभर वाढते, तिची साल जाड आणि पिवळी-तपकिरी होते आणि मग ती टिकाऊ बनते. तवशी जमिनीवर रचून ठेवू नयेत, कारण जिथे साल सालीला टेकते तिथे ओल धरून कूज सुरू होते; ती केळीच्या सोपाने, म्हणजे खोडाच्या सुक्या सालीने, बांधून वाशाला एकेकटी टांगली की चारी बाजूंनी वारा लागतो. त्यांतले एक आज धोंडस या गोड पदार्थासाठी फोडले. बियांचा गाभा काढून गर किसला, भाजलेला तांदळाचा रवा त्या किसाच्याच रसात भिजवला, गूळ, ओले खोबरे आणि वेलची घातली, बुडाशी हळदीचे पान ठेवले. यात वरून पाणी घालायचे नाही आणि घाईही करायची नाही. खाली मंद आंच आणि झाकणावर निखारे असले, तरच धोंडस वरून खरपूस होते.

भोपळा आणि कोहळा यांचे निकष निराळे. भोपळ्याचा देठ सुकून खुटखुटीत झाला आणि सालीत नख रुतेनासे झाले, की तो उतरवावा, पण देठ फळालाच राहू द्यावा, कारण देठ तुटला की तिथूनच भोपळा नासतो. कोहळ्यावर पांढरी पूड चढलेली असते, ती पुसू नये. तो त्याचा मेणासारखा थर असतो आणि त्यामुळेच फळातले पाणी आत राहते. कार्तिक शुद्ध नवमीला कूष्मांड नवमी म्हणतात व त्या दिवशी कोहळा दान देतात, तो ऐन याच हंगामात पक्व होऊन हाती येतो म्हणून मला ती प्रथा फार समंजस वाटते. आमचे कोहळे उन्हाळ्यातल्या सांडग्यांसाठी राखून ठेवले आहेत.

दुधीबाबत मात्र काटकसर करू नये. शेवटच्या दुधीची लहानशी चकती जिभेला लावून पाहावी आणि ती कडू लागली तर थुंकून अख्खे फळ फेकून द्यावे, कारण कडू दुधी विषारी असतो आणि शिजवल्याने त्यातला दोष जात नाही. त्याचे बीही धरू नये.

बियाण्याविषयी माझा आग्रह सर्वांत जास्त आहे. शेवटी उरलेली वेडीवाकडी फळे बियांसाठी ठेवण्याची पद्धत चुकीची आहे. भर बहरातले उत्तम फळ हेरून त्याला चिंधी बांधावी, म्हणजे चुकूनही कोणी ते तोडणार नाही. आज अशाच तवशाचे बी गरासकट पाण्यात घातले आहे. एक-दोन दिवसांत बुळबुळीत आवरण सुटेल, तळाशी बसलेले बी धुऊन सावलीत वाळवता येईल आणि राखेत घोळवून ठेवता येईल. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी वाणांच्या जतनासाठी 2020 च्या पद्म पुरस्कारांत पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता, कारण घराघरांतल्या बायकांनी शतकानुशतके निगुतीने केलेल्या कामाचा तो गौरव होता. दुकानातल्या संकरित बियांपासून आलेल्या फळाचे बी पुन्हा लावले तर तोच गुण मिळेलच असे नसते. घरचे बी ती खात्री देते, मात्र दोन जातींच्या काकड्या शेजारी लावू नयेत, कारण मधमाश्या त्यांचा संकर घडवतात.

सुरणाची पाने कोलमडली आहेत, म्हणजे तोही तयार आहे. उद्या सकाळी ती आळी खणायची, मोठे कंद आमसुलाच्या भाजीसाठी घरात घ्यायचे आणि डोळा असलेले तुकडे पुढच्या लागवडीसाठी कोरड्या मातीत ठेवायचे. मांडवाचे बांबू तसेच राहू देणार आहे, वालाचे वेल त्यावर चढवता येतील.