उंचीप्रमाणे रांग

आमच्या शाळेला वर्षाला चार झेंडे असायचे. पुण्यामुंबईकडे वाढलेल्या मित्रांना हे सांगितलं की ते बोटांवर मोजायला लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट. मग चौथा कुठला? चौथा १७ सप्टेंबरचा, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा. १५ ऑगस्ट १९४७ ला देशभर तिरंगा चढला तेव्हा आमचे जिल्हे हैदराबाद संस्थानात, निजामाच्या अमलाखाली होते. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली. देशाच्या मागून तेरा महिने आणि दोन दिवसांनी आम्ही स्वतंत्र झालो. हा हिशेब आमच्याकडे चौथीतल्या पोरालाही पाठ असतो.

शाळा जिल्हा परिषदेची, गाव परभणी जिल्ह्यातलं, गोदाकाठचं. पहिली ते दहावी मी तिथंच काढली. शाळेच्या आठवणी म्हटलं की लोकांना गॅदरिंग आठवतं, सहल आठवते. मला आधी फक्कीचा वास येतो. आदल्या दिवशी दुपारच्या सुट्टीनंतर वर्ग भरायचे नाहीत. मोठ्या वर्गातली मुलं मैदानातले खडे वेचायची, मुली ध्वजस्तंभाच्या कट्ट्याला गेरू द्यायच्या, आणि शिपाई मामा सुतळी ताणून फक्कीच्या रेघा ओढायचे. पहिलीच्या मुलांची रेघ सगळ्यांत पुढं. प्रत्येक रेघेवर मुलांनी उभं राहायचं ते उंचीप्रमाणे.

हे 'उंचीप्रमाणे' तेव्हा अंगवळणी पडलेलं होतं, त्याचं कौतुक फार उशिरा कळलं. आमच्या गावात कोण कुठं उभं राहणार हे बाकी सगळीकडे जन्मावरून ठरलेलं असे. पोळ्याला कुणाचा बैल पुढं, जत्रेत पालखीला खांदा कुणाचा, लग्नात कुणाची पंगत कधी, पाणी कुठल्या आडाचं. मारुतीच्या पारावर बसणारे वेगळे, विहारात जमणारे वेगळे, दर्ग्याच्या उरुसाला राबणारे वेगळे. हे सगळे सण मला प्रिय होते आणि आहेत. पण त्यातला प्रत्येक सण कुणाचा ना कुणाचा होता. झेंड्याच्या मैदानावर मात्र पाटलाच्या नातवाशेजारी वीटभट्टीवर राबणाऱ्या बाईचा मुलगा उभा राहायचा, कारण दोघांच्या उंचीत बोटभराचा फरक होता.

चारही झेंड्यांचे ऋतू वेगळे. २६ जानेवारीला थंडी, अंघोळीच्या बंबाचा धूर आणि धुऊन अर्धवट वाळलेला पांढरा सदरा. प्रभातफेरी निघायची तेव्हा तोंडातून वाफ निघत असे, आणि 'प्रजासत्ताक दिन चिरायू होवो' म्हणताना 'चिरायू'चा अर्थ कुणालाच ठाऊक नसे. अर्थावाचून काही अडत नव्हतं. १५ ऑगस्टला पाऊस हमखास. चिखलानं फक्की धुऊन जायची आणि मामा सकाळी पुन्हा रेघा ओढायचे. १ मेला झेंडा झाला की निकाल, त्यामुळे महाराष्ट्र दिनाची आठवण मला पोटातल्या गोळ्यासकटच येते. जिलेबी तिन्ही दिवशी असायची. कागदाच्या तुकड्यावर दोन वेढे. घरी धाकट्या बहिणीसाठी नेईपर्यंत कागद पारदर्शक झालेला असायचा.

आठवीत मामांनी मला झेंडा बांधायला शिकवलं. सकाळी सहाला, मुख्याध्यापकांच्या खोलीत, टेबलावर धुतलेली चादर अंथरून. झेंडा जमिनीला टेकता कामा नये, म्हणून एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. आधी केशरी पट्टी मागं घ्यायची, मग हिरवी, म्हणजे वर नुसता पांढरा पट्टा आणि अशोकचक्र राहतं. मग दोन्ही कडा मधोमध आणायच्या. घडीच्या पोटात झेंडूच्या पाकळ्या; देठ आला तर दोरी अडकते, म्हणून पाकळी न पाकळी खुडलेली. वरून दोरीचे दोन वेढे आणि सरकगाठ. "गाठ आशी पायजे," मामा म्हणायचे, "वाऱ्याला सुटू नाई आन् मानसाला अडू नाई." आमचा झेंडा खादीचा, जाडाभरडा. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत राष्ट्रध्वज तयार होतात, आपल्याच भागातला कपडा दिल्लीपर्यंत फडकतो, हे मामा अभिमानानं सांगायचे. ते सातवी शिकलेले. झेंड्याच्या दिवशी ते चप्पल घालत नसत. तसं त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

पुढं नांदेडच्या विद्यापीठात समाजशास्त्र शिकायला गेलो. त्या विद्यापीठाला मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचं नाव आहे आणि त्याची स्थापनाही १७ सप्टेंबरचीच, १९९४ ची. तिथं एका तासाला सरांनी फळ्यावर लिहिलं, 'नागरी धर्म'. विचारवंत रूसोनं १७६२ मध्ये हा शब्द वापरला होता, आणि १९६७ मध्ये रॉबर्ट बेला या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं आपल्या देशाकडे बघून तो नव्यानं मांडला. चर्च, देऊळ यांच्यापलीकडे राष्ट्रालाही स्वतःचे पवित्र दिवस असतात, हुतात्मे असतात, पवित्र वचनं असतात. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाचा शपथविधी किंवा युद्धात पडलेल्यांच्या स्मरणाचा मे महिन्यातला दिवस हे त्याचेच विधी. ब्रिटनमध्ये १९१९ पासून ११ नोव्हेंबरला अकरा वाजता दोन मिनिटं स्तब्ध उभं राहतात, तेही त्यातलंच. बेलाच्या कितीतरी आधी फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खाइमनं म्हटलं होतं की ख्रिस्ताच्या आयुष्यातले प्रसंग साजरे करणारे भाविक आणि राष्ट्राच्या इतिहासातली मोठी घटना आठवायला जमलेले नागरिक, यांच्या मेळाव्यांत मुळात फरक नाही.

वर्गात बाकीचे टिपणं काढत होते, आणि मला मामांचे अनवाणी पाय दिसत होते.

त्या तासानंतर मी प्रतिज्ञेकडेही नव्यानं पाहिलं. 'भारत माझा देश आहे' हे प्रत्येक पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला छापलेलं असतं, आणि आपण ते इतक्या वेळा म्हटलेलं असतं की ते कुणीतरी लिहिलं असेल हे मनातच येत नाही. ते लिहिलं पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी, १९६२ मध्ये, तेलुगूत. ते तेव्हा विशाखापट्टणमला जिल्हा कोषागार अधिकारी होते. आणि त्यांचं मूळ गाव नलगोंडा जिल्ह्यातलं, म्हणजे आमच्यासारखंच निजामाच्या राज्यातलं! 'सारे भारतीय माझे बांधव आहेत' हे वाक्य भारतात सामील व्हायलाच झगडावं लागलेल्या मुलखातल्या माणसाच्या हातून उतरलं, याचा मला फार आनंद झाला. अजूनही होतो.

पण मला सांगायचंय ते १७ सप्टेंबरबद्दल. त्या दिवशी जिलेबी नसायची. मूग-उडदाची रास घरी आलेली, सोयाबीन शेंगेवर, निम्मी मोठी माणसं रानात. तरी त्या दिवशी गाव शाळेवर जास्त यायचं. कारण बाकीचे तीन दिवस पुस्तकातले होते आणि हा दिवस गावानं पाहिलेला होता. आमच्याकडे म्हाताऱ्या बायका अजून 'रझाकारीच्या साली' म्हणून कुणाचा जन्म सांगायच्या, लग्न सांगायच्या. रझाकार म्हणजे निजामाच्या बाजूचे हत्यारबंद स्वयंसेवक.

गावातले एक आबा उमरखेडच्या कॅम्पात होते. निजामाच्या हद्दीबाहेर, सीमेलगत असे कॅम्प होते: उमरखेड, बार्शी, लोणार. तिथून रात्री हद्दीत शिरायचं, करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके जाळायचे, उजाडायच्या आत परत. त्याआधी जंगल सत्याग्रहात शिंदीची झाडं तोडली होती, कारण शिंदीच्या महसुलावर निजामाचा खजिना भरायचा. आबांना दरवर्षी खुर्ची दिली जायची आणि ते दरवर्षी तिच्या पाठीला धरून उभेच राहायचे. त्यांचं भाषण पाच मिनिटांचं. "आमी भ्यालो नाई आसं कुनी सांगितलं तर खरं मानू नका, पोरंहो. लई भ्यालो. पर गेलो." एवढं बोलून ते वंदे मातरम् म्हणायचे, एकटे, सूर हलत असायचा. १९३८ मध्ये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात याच गीतापायी विद्यार्थ्यांना काढून टाकलं होतं आणि नागपूर विद्यापीठानं त्यांना सामावून घेतलं. पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच एक. आबा शाळेत फारसे गेले नव्हते, पण हे त्यांना ठाऊक होतं आणि ते दरवर्षी सांगायचे.

१९९८ मध्ये मुक्तिसंग्रामाला पन्नास वर्षं झाली. मी तिसरीत होतो. त्या वर्षी मुख्याध्यापक गुरुजींनी हजेरी घ्यायची ठरवली. गावातल्या ज्यांनी लढ्यात भाग घेतला आणि जे आता हयात नाहीत, अशांची नावं खाकी कव्हर घातलेल्या वहीत लिहिली. झेंडा झाला, बावन्न सेकंदांचं राष्ट्रगीत झालं, आणि गुरुजींनी वही उघडून वर्गात घेतात तशी नावं घ्यायला सुरुवात केली. नाव घेतलं की त्या घरातलं जे कुणी तिथं असेल त्यानं म्हणायचं, 'हजर'. नऊ नावं होती. एका नावाला म्हातारी बायको 'हजर' म्हणाली आणि पदर डोळ्याला लावला. एका नावाला माझ्या पुढच्या रांगेतला मुलगा इतक्या मोठ्यानं ओरडला की कट्ट्यावरची चिमणी उडाली. कुणी हसलं नाही.

वही मिटणार तेवढ्यात आबा म्हणाले, "गुर्जी, दोन राहिले."

त्यांनी दोन नावं घेतली. दोन भाऊ, पिंजाऱ्याच्या घरातले. गाद्या भरायचे. ते रझाकार नव्हते. रझाकारांनी त्यांच्याकडूनही धान्य उचलून नेलं होतं. फौजा आल्यावर, निजाम शरण आल्यावर, पुढच्या आठ दिवसांत कधीतरी त्यांना मारलं, आणि मारणारे बाहेरगावचे एकटेच नव्हते. हे काही आमच्याच गावात घडलं असं नाही. त्या दिवसांत संस्थानातल्या कितीतरी गावांत रझाकारांवरचा राग निरपराध मुसलमान शेजाऱ्यांवर निघाला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं फिरून त्याचा अहवाल केंद्र सरकारला दिला होता. हे मी फार पुढं वाचलं. त्या सकाळी मला एवढंच कळलं की मोठी माणसं जमिनीकडे बघतायत.

आबा खुर्चीची पाठ सोडून दोन पावलं पुढं आले. "लढ्यात गेले ते आपले. लढा सपल्यावर गेले ते बी आपलेच व्हते. ल्याहा."

गुरुजींनी खिशातून पेन काढलं. कट्ट्यावर वही ठेवून, वाकून, दोन ओळी लिहिल्या. मग सरळ उभे राहून दोन्ही नावं घेतली, आधीच्या नऊ नावांच्याच आवाजात. मुलींच्या रांगेतून, उंचीप्रमाणे तिसरी, आमच्याच वर्गातली त्या घरातली मुलगी म्हणाली, "हजर." आणि दुसऱ्या नावाला पुन्हा, "हजर."

नागरी धर्माबद्दल वाचताना पुढं खूप टीकाही वाचली. हे विधी वरून लादलेले असतात, ते विसरायला लावतात, ते वेगळं वाटणाऱ्याला बाहेर ठेवतात. असं होतं, मी पाहिलंय. संचलनाच्या झगमगाटात माणूस हरवतो, सक्तीनं म्हटलेलं गीत ओठांवरच राहतं. पण ज्या मैदानावर एका म्हाताऱ्यानं पन्नास वर्षं मनात ठेवलेली दोन नावं गावाकडून लिहून घेतली, ते मैदान मी पाहिलंय. पारावर आबा ती नावं घेऊ शकले नसते, घरात घेऊन उपयोग नव्हता. ती घ्यायला फक्कीच्या रेघा लागत होत्या, वर झेंडा लागत होता, आणि आताच राष्ट्रगीत म्हणून सावधान उभे असलेले सगळे लागत होते.

हजेरी पुढंही सुरू राहिली. मी दहावी होईपर्यंत दर १७ सप्टेंबरला अकरा नावं.

२०२३ मध्ये, पंच्याहत्तर वर्षं झाली तेव्हा, मी मुद्दाम गावी गेलो. २०२० पासून शाळांत संविधानाची उद्देशिका वाचतात, ती ऐकली. राज्यगीत ऐकलं. मामा निवृत्त होऊन लेकाकडे राहायला गेले होते. नव्या शिपायाच्या हातात पॉलिस्टरचा झेंडा होता; ध्वजसंहितेत २०२१ च्या अखेरीस तसा बदल झाल्यापासून तो चालतो. कापड गुळगुळीत, घडी राहीना, गाठ सारखी सैल व्हायची. मी एक टोक धरलं, त्यानं दुसरं धरलं. दोरीचा एक वेढा जास्त घेतला, मग घडी बसली.

वही तीच होती, कव्हर नवं. नावं बारा झाली होती. बारावं आबांचं, त्यांच्या नावाला त्यांची सून 'हजर' म्हणाली. माझ्या वर्गातली ती मुलगी लग्न होऊन सेलूला असते. तिच्या भावाचा मुलगा आता पहिलीत आहे, सगळ्यांत पुढच्या रेघेवर. त्याला घरून पढवून पाठवलं असावं. गुरुजींनी पणजोबांचं नाव अर्धंच घेतलं होतं तेवढ्यात तो 'हजर' म्हणून मोकळा झाला. गुरुजी थांबले, आणि त्यांनी ते नाव पहिल्यापासून पुन्हा घेतलं.