तिसरा बाक, खिडकीची बाजू

वर्गात नवी मुलगी आली की तिला कुठं बसवायचं, याचा विचार करत बाई फार वेळ उभ्या राहत नाहीत. जागा रिकामी असेल तिथं. तिचा स्वभाव काय, तिला काय आवडतं, हे कोण विचारत बसतंय! मला तर वाटतं, शाळेतल्या मैत्रीबद्दल आपण मनं जुळली, सूर जुळले वगैरे जे बोलतो ते सगळं मागाहून रचलेलं असतं. खरं कारण एवढंच की तिथं जागा होती.

वडील पाटबंधारे खात्यात होते. 1988च्या जूनमध्ये त्यांची बदली चिपळूणहून सोलापूरला झाली आणि आठवीत मी तिथल्या एका मुलींच्या शाळेत दाखल झाले. चिपळूणला शाळा उघडायची तीच मुळी पावसात. वाशिष्ठीचं पाणी कुठवर चढलंय यावर आमची सुट्टी ठरायची. सोलापूरला जून संपत आला तरी ऊन हलायला तयार नव्हतं. आईनं मात्र सवयीनं दप्तरासोबत छत्री दिली होती, आजोबांची, काळी, लाकडी मुठीची. मधल्या सुट्टीत ती वर्गभर फिरली. एकीनं ती उघडून वर्गातच दोन फेऱ्या मारल्या. "पाऊस कुठाय म्हणून आणलीस गं?" या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. पुढं कितीतरी दिवस माझी ओळख 'छत्रीवाली' अशीच होती. नाव विचारायची कुणाला गरजच पडली नाही.

मला मिळालेली जागा तिसऱ्या बाकावरची, खिडकीच्या बाजूची. फळीवर कर्कटकानं कुणीतरी आपलं नाव कोरलं होतं, खाली पाच पाकळ्यांचं फूल. पाचवी पाकळी जरा घाईत उरकलेली, बहुतेक बाई आल्या असाव्यात. शेजारणीनं पहिल्याच तासाला सांगून टाकलं, "हितं दुसरी बसायची. ती येत नाही आता." आणि आपलं दप्तर आमच्या दोघींच्या मध्ये ठेवलं. ते दप्तर बरेच दिवस तिथंच होतं. मला त्याचं वाईट वाटायचं, पण आता वाटतं, पाचवी ते सातवी एका बाकावर काढलेल्या मैत्रिणीच्या जागी छत्री घेऊन कुणी येऊन बसलं तर दुसरं काय करणार!

तो वर्ग ही एक गंमतच होती. हजेरी मराठीत, भांडणं तेलुगूत आणि बाईंच्या मागं त्यांच्याबद्दलची कुजबुज कानडीत. शेवटच्या बाकावरच्या दोघी आपापसात दखनी बोलायच्या. मला फक्त हजेरी कळायची. सोलापूरच्या गिरण्या-मागांवर काम करायला तेलंगणातून पद्मशाली विणकर पिढ्यान् पिढ्या येत राहिले आणि शहराच्या पूर्व भागात वसले. कानडी मुलुख तर दाराशीच. हे भूगोलाच्या पुस्तकात नव्हतं, डब्यात होतं. एका डब्यात चिंचेचा पिवळा भात, दुसऱ्यात ज्वारीची कडक भाकरी, तिसऱ्यात धपाटं. आणि उखळात कुटलेली, तेल सुटलेली लालभडक शेंगाचटणी प्रत्येकीच्या डब्यात. माझं घावन पाहिल्यावर शेजारणीनं ते दोन बोटांनी उचलून उजेडाकडं धरलं आणि त्याच्या जाळीतून माझ्याकडं बघितलं. "भोकं कशी पाडतेत याला?" आईला विचारून सांगते म्हटलं. आईला तरी काय माहीत! पीठ टाकलं की पडतात. चटणी आणि घावन एकमेकांना फार चांगलं लागू पडतं, हा शोध त्याच आठवड्यातला. मधलं दप्तर त्याच सुमारास कधीतरी खाली गेलं.

शेजारीण वर्गात कायम ओरडा खायची, कारण तिला हळू बोलताच यायचं नाही. उत्तर सांगायला उभी राहिली की शेजारच्या वर्गातल्या मुली माना वळवायच्या. बाई म्हणायच्या, "अगं, मी इथंच आहे." नवरात्रात तिच्या घरी गेले तेव्हा याचा उलगडा झाला. बोळ सुरू झाला की यंत्रमागांचा खडखडाट सुरू व्हायचा, तो थेट घराच्या आतपर्यंत. दोन्ही बाजूंना माग. पाणी मागायचं तर ओरडून, रागवायचं तर ओरडून, लाड करायचे तेही ओरडूनच. त्यांच्या घरात कुजबूज हा प्रकारच नव्हता. गुपित सांगायचं असेल तर मागांची वीज जायची वाट बघायला लागायची.

मी गेले होते बतुकम्मा बघायला. आम्ही शाळेत भोंडला केला होता, पाटावर हत्ती काढून त्याभोवती फेर. त्यांच्यात मधे हत्ती नसतो, फुलांची रास असते. ताटात तरवडाची पिवळी फुलं, कुर्डूचे पांढरे-गुलाबी तुरे, झेंडू असे एकावर एक थर रचत शिखर करतात, त्याभोवती बायका टाळ्या वाजवत, वाकत, गात फिरतात आणि शेवटच्या दिवशी ते पाण्यात सोडतात. टाळी नेमकी कधी पडते हे मला शेवटपर्यंत जमलं नाही. शेजारणीची अम्मा मला हाताला धरून फिरवत होती.

पण माझ्या लक्षात राहिली ती त्याच्या आधीची दुपार. पडवीत पाच-सहा बायका भिंतीला टेकून, मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. त्यांच्यात एक आमच्याच वयाची. शेजारीण म्हणाली, "हीच ती." म्हणजे बाकावरची. आमच्या दोघींत तिचं नाव पुढं 'आधीची' असंच पडलं.

आधीचीनं मान वर करून मला नीट बघून घेतलं. हात थांबले नाहीत. भिजवून मऊ केलेलं तेंदूचं पान, त्यावर पत्र्याचं माप, कात्रीची एक फेरी. कापलेल्या तुकड्यावर चिमूटभर तंबाखू, ती बोटानं सारखी करायची, पान वळायचं, दोऱ्याचे दोन वेढे आणि नखानं तोंड आत दुमडायचं. हे सगळं मी बघेपर्यंत दुसरी विडी तयार. पंचवीसचा एक कट्टा. कारखान्यात माल दाखवताना त्यातल्या काही छाट म्हणून बाजूला काढतात, त्यांचे पैसे मिळत नाहीत. हे तिनं मला असं सांगितलं जसं आम्ही एकमेकींना गणितात किती मार्क कापले ते सांगायचो.

"खिडकीची खिट्टी लागते का अजून?" तिनं विचारलं.

"नाही. वाऱ्यानं आपटते."

"कागदाची घडी घालायची. जाड पाहिजे. प्रयोगवहीचा कागद चालतो." मग जरा वेळानं, "आठवीत संस्कृत असतंय ना? म्हण की काहीतरी."

मला येत होतं ते एवढंच. देवः देवौ देवाः. मी म्हटलं. तिनं लगेच मागोमाग म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत तिच्या शेजारची मावशीही म्हणायला लागली, मग तिच्या पलीकडची. देवः वर पान, देवौ वर तंबाखू, देवाः वर दोरा. मागांच्या आवाजावर मात करायची म्हणून सगळ्या खच्चून ओरडत होत्या आणि हसता हसता एकीचं सूप कलंडलं. अम्मा आतून बाहेर आली, काय चाललंय ते बघितलं आणि आमच्या अंगावर ओरडली. अर्थात ती प्रेमानंही तशीच ओरडायची, त्यामुळं काही कळलं नाही.

पुढं मी जाईन तेव्हा आधीची विचारायची, "पुढचं काय?" वन झालं, माला झालं, नदी झाली. तिला पुढचं सांगायचं म्हणून मी आधी पाठ करून जायची. वार्षिक परीक्षेत मला संस्कृतात जे मार्क पडले त्याचं श्रेय बाईंनी स्वतःकडं घेतलं. घेऊ देत.

जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरली. बाराबंदी घातलेली माणसं, त्यांनी पेललेले ते सात उंच नंदीध्वज, भोगीच्या दिवशीचा अक्षता सोहळा, होम मैदानावरची दुकानं. धार्मिक भागाचं वर्णन मला चांगलं करता येणार नाही, कारण आमचं सगळं लक्ष पाळण्याकडं होतं. शेजारणीची थोरली अक्का आम्हा तिघींना घेऊन गेली होती. आम्हा दोघींकडं घरून मिळालेली सुटी नाणी. आधीचीकडं मात्र रुमालाच्या गाठीत नोटा होत्या, स्वतःच्या. पाळणा तिनं दिला, भजी तिनं दिली आणि एखाद्या मोठ्या बाईसारखं दुकानदाराशी घासाघीस करून आम्हाला बांगड्याही घेऊन दिल्या. मग मौत का कुआँसमोर आली आणि अक्काचा हात ओढत हट्ट करायला लागली, चल ना, चल ना, एकदाच. अक्का नाही म्हणाली तर रुसून परतीच्या वाटेवर बोलली नाही. तिच्या हातात पैसे होते, परवानगी नव्हती. आमच्याकडं तर दोन्ही नव्हतं.

आधीची आता आजी झाली आहे. कुंभारीला विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची जी मोठी वसाहत 2006 साली उभी राहिली, तिथं तिला घर मिळालं. मागं भेटले तेव्हा नातीचं संस्कृतचं पुस्तक दाखवून म्हणाली, "बघ, अजून देवावरच आहेत."

शेजारणीचं आणि माझं काय झालं, तर नववीत बाईंनी उंचीप्रमाणे रांग लावली. मे महिन्यात चिपळूणला आंबे-फणस खाऊन मी चांगलीच वाढून आले होते. ती तिसऱ्या बाकावरच राहिली, मला मागून दुसऱ्यावर पाठवलं. आम्ही दोघी रडलो, बाईंना अर्ज केला, अर्ज नामंजूर झाला. माझी नवी शेजारीण म्हणजे ती, जिनं छत्री घेऊन वर्गात फेऱ्या मारल्या होत्या आणि जिच्याशी वर्षभर मी मुद्दाम एक अक्षर बोलले नव्हते. सोलापूरला गेले की आता मी उतरते ती तिच्याकडेच.