सीट सोडण्याआधी: ब्रांच बदलून नाशिकला येऊ पाहणाऱ्या रेसिडेंटसाठी

जोडीदार नाशकात, आपण नागपूर किंवा सोलापूरच्या हॉस्टेलवर, आणि मिळालेली ब्रांच, म्हणजे एमडी-एमएसचा विषय, काही केल्या अंगवळणी पडत नाही. जेआर वनच्या, म्हणजे ज्युनियर रेसिडेंट म्हणून पहिल्या वर्षाच्या, सहाव्या-आठव्या महिन्यात बऱ्याच जणांच्या मनात मग एकच घोळतं: ब्रांचही बदलू आणि नाशिकलाही जाऊ. हे जमतं. पण कसं जमतं ते माहीत नसेल तर वर्ष जातं, पैसे जातात आणि कधी कधी हातातली सीटही जाते.

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाकू. पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणात बदली नावाचा प्रकारच नाही. एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात स्थलांतर करायला नियमांत मनाई आहे, ब्रांच बदलणं तर दूरच. लग्न झालं, मूल झालं, जोडीदाराची नोकरी इथे आहे, ही कारणं कितीही खरी असली तरी त्यांसाठी वेगळी वाट ठेवलेली नाही. आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय आपल्याच म्हसरूळला, दिंडोरी रोडवर आहे म्हणून कुणी घरचे लोक तिथे अर्ज घेऊन जातात. तो हेलपाटा वाचवा, विद्यापीठाला तसा अधिकारच नाही. ब्रांच बदलणं म्हणजे नीट पीजी ही प्रवेश परीक्षा पुन्हा देणं, काउन्सेलिंगमध्ये, म्हणजे गुणांवरून होणाऱ्या जागावाटपात, नवी सीट घेणं, जुनी सोडणं आणि जेआर वनपासून पुन्हा सुरुवात करणं.

आता हिशेब. चौदा महिने झाल्यावर सीट सोडली तर ते चौदा आणि नवे छत्तीस, असे एकूण पन्नास महिने. शिवाय सरकारी सीट असेल तर वर्षभराची बंधपत्रित सेवा (शिक्षणानंतरची सक्तीची सरकारी नोकरी) पुढे उभीच. तीच ब्रांच पुरी केली तर उरतात बावीस महिने. म्हणून ब्रांच आणि गाव हे दोन प्रश्न आधी वेगळे करा. कागदावर लिहून पाहा: हीच ब्रांच नाशकात मिळाली असती तर सोडली असती का? आणि हवी ती ब्रांच लातूरला मिळाली तर घ्याल का? पहिल्याचं उत्तर 'नाही' असेल तर तुम्हाला ब्रांच बदलायची नाही, अंतर कमी करायचं आहे. त्यासाठी सीट सोडणं फार महाग पडतं.

तिसरंही एक कारण असतं आणि ते ब्रांचच्या नावाखाली लपतं: युनिट, म्हणजे विभागातली ज्या डॉक्टरांच्या हाताखाली काम करता ती तुकडी. सलग छत्तीस तास ड्युटी, सीनियरची अरेरावी, जेवायला वेळ नाही. हे सर्जरीचं दुखणं आहे की त्या एका युनिटचं, हे ओळखा. रॅगिंग असेल तर १८००-१८०-५५२२ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. मन पार खचलं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. तशा अवस्थेत राजीनाम्यावर सही करू नका. आधी रजा घ्या, झोपा, मग ठरवा. २०२३ च्या नियमांप्रमाणे वर्षाला किमान वीस दिवसांची पगारी किरकोळ रजा आणि पाच दिवसांची शैक्षणिक रजा तुमच्या हक्काची आहे. यातले तीन-चार दिवस, ज्या ब्रांचकडे ओढा आहे तिच्या ओपीडीत आणि एका रात्रीच्या ड्युटीत काढा. त्वचारोग किंवा रेडिओलॉजी लांबून निवांत दिसतात. रात्री अडीच वाजता अपघाताच्या सहा केसेसचे सीटी लागोपाठ वाचताना तो निवांतपणा कुठे असतो, हे जागेवर बसूनच कळतं.

नुसतं अंतरच कमी करायचं असेल तर दोन गोष्टी हाताशी आहेत. पहिली, जिल्हा रेसिडेन्सी म्हणजे डीआरपी. तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सेमिस्टरमध्ये तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढायचे असतात. नाशिक जिल्हा मिळावा अशी विनंती विभागप्रमुखांमार्फत लेखी आणि लवकर करा. हमी नाही, पण याद्या लागल्यावर केलेल्या विनंतीला काहीच अर्थ राहत नाही. दुसरी, एमडीनंतरची बंधपत्रित सेवा. तिथे नाशिक जिल्ह्यातल्या जागा पसंतीत वर ठेवता येतात. मधल्या काळात रजा सुटी-सुटी न घेता साप्ताहिक सुट्टीला जोडून घ्या, आणि ऐंशी टक्के हजेरीचा आकडा दर महिन्याला स्वतः मोजा. ऑफिसात तो परीक्षेच्या तोंडावर मोजतात, तेव्हा फार उशीर झालेला असतो.

ब्रांचच बदलायची हे पक्कं असेल तर पुढचं सावकाश वाचा.

प्रवेश अजून ताजा असेल, म्हणजे त्याच वर्षाचं काउन्सेलिंग चालू असेल, तर अपग्रेडेशन, म्हणजे पुढच्या फेरीत वरच्या पसंतीची सीट घेणं, हा सगळ्यात स्वस्त मार्ग. केंद्रीय (देशपातळीवरच्या) काउन्सेलिंगमध्ये पहिल्या फेरीत रुजू होताना अपग्रेडसाठी 'हो' नोंदवलं की दुसऱ्या फेरीत वरची पसंती मिळू शकते. ती मिळाली की जुनी सीट आपोआप रद्द होते, परत मागता येत नाही. त्यामुळे यादीत फक्त हातातल्या सीटपेक्षा खरोखर हव्या असलेल्याच जागा ठेवा. 'बघू तरी' म्हणून टाकलेली एक ओळ पुढची तीन वर्षं ठरवून जाते. पहिल्या फेरीनंतर सीट सोडली तर भुर्दंड नसतो, दुसऱ्या फेरीपासून अनामत रक्कम जाते, आणि तिसऱ्या फेरीत रुजू झाल्यावर त्या वर्षीचे दरवाजे बंद होतात.

ते वर्ष उलटलं असेल तर परीक्षा पुन्हा. दोनशे प्रश्न, आठशे गुण, बरोबर उत्तराला चार, चुकलं तर एक वजा. वेळेचं बंधन भागागणिक असतं: चाळीस प्रश्न, बेचाळीस मिनिटं, भाग संपला की मागे जाता येत नाही. रेसिडेंटची अडचण ज्ञानाची नसते, सवयीची असते. एकाच विषयात वर्ष गेल्याने बाकीचे अठरा विषय गंजलेले असतात. वॉर्डातून अभ्यास करायचा तर रोज नव्या वाचनापेक्षा बेचाळीस मिनिटांचा एक भाग घड्याळ लावून सोडवा. तेवढा वेळ ड्युटीतूनही निघतो.

नाशिकच्या जागा एकाच दाराने येत नाहीत, आणि इथेच अनेकांचा घोळ होतो. आडगावचं मविप्रचं डॉ. वसंतराव पवार महाविद्यालय आणि घोटीजवळ धामणगावचं एसएमबीटी ही खासगी महाविद्यालयं. त्यांच्या जागा राज्याच्या सीईटी सेलकडून, म्हणजे राज्याच्या प्रवेश यंत्रणेकडून, भरल्या जातात: निम्म्या राज्य कोट्यातून, उरलेल्या व्यवस्थापन आणि अनिवासी भारतीय कोट्यातून, ज्यांची फी कित्येक पट असते. शहरातल्या खासगी रुग्णालयांतल्या डीएनबीच्या (एमडी-एमएसच्या तोडीच्या, रुग्णालयात राहून करायच्या पदवीच्या) जागा मात्र केंद्रीय काउन्सेलिंगमधून जातात. सरकारी जागा निम्म्या केंद्राच्या, निम्म्या राज्याच्या. म्हणजे फक्त नाशिक हवं असेल तरी दोन्हीकडे नोंदणी करावी लागते. दोन्हींचं वेळापत्रक एका कागदावर शेजारी-शेजारी लिहून भिंतीला लावा.

पसंतीक्रम भरताना जोडीदाराला शेजारी बसवा. 'नाशिक – बालरोग, नाशिक – भूल, धुळे – बालरोग' आणि 'नाशिक – बालरोग, धुळे – बालरोग, नाशिक – भूल' या दोन याद्यांत फरक फक्त एका ओळीच्या जागेचा. पण पहिली यादी म्हणते गाव मोठं, दुसरी म्हणते ब्रांच मोठी. धुळे इथून साधारण एकशे साठ किलोमीटर, म्हणजे आठवड्याच्या सुट्टीला घरी येता येण्याजोगं. दोघांचं यावर एकमत यादी लॉक करण्याआधी व्हायला हवं.

आता सगळ्यात नाजूक भाग: मूळ कागदपत्रं. नवी सीट मिळण्याआधी जुनी सोडू नये हे सगळेच सांगतात, आणि ते बरोबरही आहे. पण नव्या कॉलेजात रुजू होताना मूळ कागदपत्रं हातात लागतात. 'मूळ प्रती अमुक महाविद्यालयात जमा आहेत' हा दाखला केंद्रीय काउन्सेलिंगमध्ये चालत नाही. म्हणजे यादी लागल्यापासून रुजू होण्याच्या शेवटच्या तारखेपर्यंतच्या मोजक्या दिवसांत राजीनामा, बाँडची (सीट मध्येच सोडल्याबद्दल भरायची) रक्कम, नो ड्यूज (देणं बाकी नसल्याचा दाखला) आणि कागद हातात, एवढं सगळं उरकायचं. मध्ये शनिवार-रविवार आला की आणखी दोन दिवस कमी.

म्हणून तयारी आधीच करून ठेवायची. नो ड्यूजच्या फॉर्मवर ग्रंथालय, हॉस्टेल, मेस, लेखा शाखा, विभाग अशा सह्या लागतात. ग्रंथालयाचं पुस्तक आणि हॉस्टेलची थकबाकी निकालाच्या आधीच मिटवा. त्या सह्यांपायी एक अख्खा दिवस जातो. डीन सुट्टीवर असतील तर कार्यभार कुणाकडे, हे विचारून ठेवा. बाँडची रक्कम डीडीने घेतात की ऑनलाइन, कुणाच्या नावे, हे लेखा शाखेतून लिहून आणा. कागद परत घेताना यादीला टिक करत मोजा: दहावी-बारावी, एमबीबीएसच्या सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका, पदवी, इंटर्नशिपचा दाखला, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची कायम नोंदणी, जात प्रमाणपत्र, जात वैधता. नॉन क्रीमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळे गेल्या वर्षीचा दाखला यंदा चालतो का, हे त्यावरची तारीख पाहून ठरवा. शिवाय केंद्राचा ओबीसी नमुना वेगळा, राज्याचा वेगळा. त्याच वर्षीची सीट सोडत असाल तर राजीनामा काउन्सेलिंगच्या पोर्टलवरूनच निघाला पाहिजे. साध्या कागदावर डीनची सही शिक्क्यासह असली तरी पोर्टलवर नोंद नसेल तर राजीनामा झालाच नाही असं धरतात, आणि पुढच्या फेरीत तुमचं नाव अडतं.

बाँडच्या रकमेबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवरचे आकडे धरू नका. प्रवेशाच्या वेळी स्टॅम्प पेपरवर सही केलेलं बंधपत्र आणि त्या वर्षीची माहितीपुस्तिका हेच खरं. जानेवारी २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने राज्यांना हे जबर बाँड काढून टाका असं सुचवलं होतं, त्याऐवजी सीट सोडणाऱ्याला वर्षभर प्रवेशबंदीचा पर्यायही सांगितला होता. ती सूचना होती. तुमचं बंधपत्र त्याने आपोआप रद्द होत नाही. बंधपत्राची झेरॉक्स नसेल तर आजच मागून घ्या. त्यात तीन गोष्टी पाहा: रक्कम वर्षागणिक वाढते का, घेतलेलं विद्यावेतन परत मागितलं आहे का, आणि उरलेल्या वर्षांच्या फीचा उल्लेख आहे का. नव्या वर्षाच्या पुस्तिकेतही पात्रतेच्या कलमात, आधीच प्रवेश घेतलेल्या उमेदवाराबद्दल काय लिहिलंय ते फॉर्म भरण्याआधी शोधा.

डीएनबीवाल्यांना वेगळा धोका आहे. डीएनबी मध्येच सोडली तर मूळ अभ्यासक्रम जेव्हा संपला असता तोपर्यंत दुसऱ्या डीएनबीला प्रवेश मिळत नाही. म्हणजे डीएनबी सोडून नाशकातल्या दुसऱ्या रुग्णालयात डीएनबी, हा बेत कागदावरच मोडतो.

सीट मिळाली की घराचं पाहा. पीजी विद्यार्थ्याने हॉस्टेलवरच राहिलं पाहिजे अशी सक्ती २०२३ च्या नियमांत नाही, त्यामुळे जोडीदारासोबत राहता येतं. आडगाव मिळालं तर अमृतधाम, कोणार्कनगर, म्हसरूळ सोयीचे. पण जोडीदाराची नोकरी सातपूर-अंबडला असेल तर दोघांपैकी एकाच्या नशिबी रोज द्वारका सर्कल येणारच, आणि तो बहुधा रात्रपाळी नसलेल्याने पत्करावा. धामणगाव मिळालं तर पाथर्डी फाट्याच्या बाजूला घर घ्या, मुंबईच्या दिशेने निघताना शहर ओलांडावं लागत नाही. जेआर वनच्या पहिल्या तीन महिन्यांपुरती हॉस्टेलची खोलीही हातात ठेवा. इमर्जन्सीच्या दिवशी घोटीहून रात्री दोनला निघून सकाळी साडेसातला राउंडला परत उभं राहणं जोडीदाराच्या कितीही जवळ आलात तरी झेपत नाही.