पिल्लाला मुंबई लवकर दाखवा, पण कडेवरून

आमची खारी, कुत्र्याचं पिल्लू, घरी आली तेव्हा सगळ्यात जास्त ऐकलेला सल्ला म्हणजे "इंजेक्शनं पूर्ण होईपर्यंत तिला दाराबाहेर काढूच नका." बिल्डिंगमधल्या काकूंनी सांगितलं, ऑफिसात ज्यांच्या ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्या सगळ्यांनी सांगितलं. सांगणाऱ्यांचं चूक नाही, पार्व्होने (कुत्र्यांना होणारा उलट्या-जुलाबाचा जीवघेणा आजार) दोन-तीन दिवसांत गेलेलं पिल्लू इथे बऱ्याच जणांनी पाहिलंय आणि ते पाहिलेलं माणूस विसरत नाही. पण हा सल्ला अर्धाच आहे असं माझं ठाम मत झालंय. तो पाळून चार महिने बंद घरात वाढलेलं पिल्लू जेव्हा पहिल्यांदा रस्त्यावर उतरतं तेव्हा बस, हॉर्न, माणसांची गर्दी, भोंगे सगळं एकदम अंगावर येतं, आणि मग ते कुत्रं कायमचं घाबरट होतं. असे कितीतरी कुत्रे मी आमच्याच भागात बघते, लिफ्टचं दार उघडलं की मागे सरकणारे, छत्री उघडली की भुंकत सुटणारे. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी खारीबद्दल. आम्ही लालबागला राहतो, जुनी चाळ जाऊन टॉवर झाला त्यात चौदाव्या मजल्यावर, वन बीएचके, मी, नवरा आणि सासूबाई. खाली टेम्पो लागतात तिथे काळी नावाची कुत्री आहे, आख्ख्या गल्लीची लाडकी, ती मे महिन्यात व्यायली. मासे विकायला बसतात त्या मावशी तिला रोज खायला घालायच्या. पिल्लांमधलं एक खारी बिस्किटाच्या रंगाचं, ते आम्हाला हवं होतं, पण मावशींनी आधीच बजावलं होतं की आठ आठवडे झाल्याशिवाय आईपासून तोडायचं नाही, आणि ते शंभर टक्के बरोबर आहे. भावंडांशी मस्ती करतानाच पिल्लाला कळतं की किती जोरात चावलं की समोरचा केकाटतो आणि खेळ थांबवतो, हे शिक्षण माणसाला देता येत नाही. जून संपता संपता पाऊस जोरात लागला तेव्हा खारी वर आली. काळीची मग नसबंदी झाली, आता तिच्या कानाला तो छोटा काप आहे, ऑपरेशन झाल्याची खूण असते ती.

आता मुद्दा. पिल्लू साधारण तीन आठवड्यांचं झाल्यापासून बारा-चौदा आठवड्यांचं होईपर्यंत जे जे बघतं, ऐकतं, हुंगतं ते सगळं त्याला आपलं, ओळखीचं वाटायला लागतं. त्यानंतर नवीन गोष्टीची आधी भीती वाटते. आणि लसीचं वेळापत्रक कसं असतं बघा, पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांना, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढचे, आणि शेवटचा सोळाव्या आठवड्याच्या आसपास. इतके डोस का लागतात तर आईच्या चीकातून पिल्लाला ज्या अँटीबॉडीज मिळतात त्या लसीलाही काम करू देत नाहीत, आणि त्या प्रत्येक पिल्लात कधी ओसरतील याचा नेम नसतो, म्हणून पुन्हा पुन्हा द्यावी लागते. म्हणजे लसीकरण पूर्ण होईपर्यंत थांबलात तर शिकायचा काळ संपून गेलेला असतो. आणि त्याआधी खाली सोडलंत तर पार्व्हो.

पार्व्होचा विषाणू आजारी कुत्र्याच्या शीतून पसरतो आणि जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो, तुमच्या चपलेला लागूनही घरात येऊ शकतो. फिनाईलने तो मरत नाही, त्याला ब्लीच लागतं, तीस भाग पाण्यात एक भाग, आणि ते दहा मिनिटं तसंच राहू द्यायचं, मग धुवायचं, आणि तोवर पिल्लू लांब. आम्ही चपला दाराबाहेरच ठेवायला लागलो.

मग यातून वाट काय? पाय जमिनीला लागू द्यायचे नाहीत, एवढंच! कान, नाक, डोळे यांना कोणी अडवलंय? आमच्या डॉक्टरांनी पहिल्या डोसनंतर आठवडाभराने हिरवा कंदील दिला आणि मी जुन्या ओढणीची झोळी करून खारीला त्यात घालून संध्याकाळी खाली न्यायला लागले. अनोळखी कुत्र्यांना हुंगू द्यायचं नाही, खाली ठेवायचं नाही, पण बाकी सगळं दाखवायचं. करी रोडच्या पुलावर उभं राहायचं, खालून लोकल गेली की तिच्या तोंडात उकडलेल्या चिकनचा बारीक तुकडा. बेस्टची बस, तुकडा. केळीवाल्याची हाक, तुकडा. हेल्मेट घातलेला माणूस, रेनकोट घातलेली शाळेतली पोरं, काठी टेकत चालणारे आजोबा, बुरखा घातलेली बाई, पोतं उचलून नेणारा हमाल, कारण आपल्याला हे सगळे माणसंच वाटतात पण पिल्लाला ते वेगवेगळे आकार दिसतात आणि प्रत्येकाची ओळख वेगळी करून द्यावी लागते. दहा-पंधरा मिनिटंच. तिने तुकडा घ्यायचा बंद केला की समजायचं घाबरलीय किंवा दमलीय, सरळ घरी यायचं. हे फार महत्त्वाचं आहे, कारण घाबरलेल्या पिल्लाला "सवय होईल" म्हणून तिथेच धरून ठेवलं तर सवय भीतीची होते. मसाला गल्लीत मात्र नेलं नाही, तिथला मिरचीचा ठसका आपल्यालाच सहन होत नाही तर त्या नाकाचं काय होईल!

घरातलेही आवाज असतात. कुकरची शिट्टी होणार असेल तेव्हा सासूबाई तिची वाटी लांब हॉलमध्ये ठेवायच्या, आता शिट्टी झाली की ही शेपूट हलवत हॉलमध्ये जाते. मिक्सर, ड्रिल (आमच्याकडे कोणा ना कोणाचं इंटिरियर सतत चालू असतं), बादलीचा आवाज, तसंच सगळं.

शी-शूचं गणित टॉवरमध्ये वेगळंच असतं. लहान पिल्लाला झोपून उठलं की, खाल्लं की, खेळून झालं की लगेच लागते, आणि चौदाव्या मजल्यावरून लिफ्ट येईपर्यंत ते थांबू शकत नाही, शारीरिकदृष्ट्याच शक्य नसतं. त्यामुळे आधी बाथरूममध्ये एक ठरलेली जागा, तिथे वर्तमानपत्र, आणि झाली की लगेच तिथल्या तिथे खाऊ आणि कौतुक. चुकीच्या जागी झाली तर ओरडायचं नाही, नाक तर अजिबात घासायचं नाही, त्याने पिल्लू फक्त आपल्यासमोर करायचं टाळतं आणि सोफ्यामागे जाऊन करतं. अमोनियाचा वास असलेलं क्लीनर वापरू नका, कुत्र्याला तो शूसारखाच वास येतो आणि ते परत तिथेच करतं. काळं फिनाईलही नको, पंजे चाटताना ते पोटात जातं. आम्ही पाण्यात व्हिनेगर घालून पुसतो. लसीकरण पूर्ण झाल्यावर खाली नेण्याची सवय हळूहळू लागली, आणि खाली नेताना पिशवी खिशात असलीच पाहिजे. महापालिकेचा दंड आहे म्हणून नाही फक्त, जो झाडूवाला सकाळी येतो त्याने आपल्या कुत्र्याची घाण का उचलायची?

सोसायटीचं पण बोलून घेते. आमच्याकडे नोटीस लागली होती की कुत्री जिन्याने न्यावीत. चौदा मजले, वाढत्या हाडांचं पिल्लू! अॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत, त्यात स्पष्ट लिहिलंय की सोसायटी कुत्रा पाळायला बंदी घालू शकत नाही आणि लिफ्टही नाकारू शकत नाही. त्याची प्रत काढून मी सेक्रेटरींना नेऊन दिली, शांतपणे, भांडण न करता, आणि सोबत खारीच्या लसीचं कार्ड दाखवलं. आणि मी स्वतःहून सांगितलं की लिफ्टमध्ये कोणी घाबरणारं असेल तर आम्ही पुढच्या लिफ्टने जाऊ. तिसऱ्या मजल्यावरच्या एका छोट्या मुलीला खरंच खूप भीती वाटते, तिचा विचार करायलाच हवा. नोटीस काढून टाकली गेली. रेबीजची लस झाली की महापालिकेचं लायसन्सही काढायचं असतं, दरवर्षी. ते नक्की काढा, वाद झाला तर हातात कागद लागतो.

रेबीजचं एक गंभीरपणे सांगायचंय. रस्त्यावरून आणलेल्या पिल्लाला तीन महिन्यांचं होईपर्यंत ही लस झालेली नसते, आणि त्याचे दुधाचे दात सुईसारखे असतात, खेळता खेळता ओरखडा येतोच. "एवढंसं पिल्लू आहे, त्याला कुठला रेबीज" हे डोक्यातून काढून टाका. साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं, पालिकेच्या हॉस्पिटलात लस फुकट मिळते. लक्षणं दिसायला लागल्यावर हा आजार जवळजवळ कोणालाच सोडत नाही. नवरा आणि मी दोघांनी कोर्स केला, हळद लावून बसणाऱ्या सासूबाईंनाही घेऊन गेलो.

परळ जवळ असण्याचं सुख इथे कळतं. बैलघोडा हॉस्पिटल म्हणजे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल, आणि त्याच आवारात १८८६ सालचं व्हेटर्नरी कॉलेज. घोडे ट्राम ओढायचे आणि बैल गाड्या ओढायचे त्या काळापासून मुंबई आपली जनावरं तिथे नेतेय. आणि एक गोष्ट मला वाचून फार भारी वाटली होती, १८३२ साली इंग्रजांच्या पोलिसांनी रस्त्यावरची कुत्री मारायची मोहीम काढली तेव्हा पारशी लोक रस्त्यावर उतरले होते, बाजार बंद पडले, दंगल झाली. कुत्र्यांसाठी! या शहरात कुत्र्यांना जागा नाही असं कोणी म्हणालं की मला ते आठवतं.

पावसाळ्यात पिल्लू वाढवणं म्हणजे लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या आजाराची) काळजी. उंदरांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात येतो, आणि लालबागमध्ये उंदीर किती आणि पाणी किती हे मी सांगायला नको. तो माणसालाही होतो. त्यामुळे लस घेताना डॉक्टरांना लेप्टो त्यात आहे का हे मुद्दाम विचारा, सगळ्या लसींमध्ये नसतो. डबक्यातलं पाणी पिऊ द्यायचं नाही, घरी आलं की पंजे धुवायचे आणि बोटांच्या मधला भाग कोरडा करायचा, पूर्ण कोरडा, नाहीतर तिथे बुरशी होते. पाऊस थोडा उघडला की गोचिडी. रोज रात्री कानामागे, बगलेत, बोटांमध्ये हात फिरवून बघायचं, आणि औषध डॉक्टरांनी वजन बघून दिलेलंच. गोचिडीतून येणारा ताप कुत्र्याला अक्षरशः पोखरतो.

खायला आम्ही पपी फूड आणि सोबत थोडा भात-चिकन देतो, मीठ-मसाला नाही. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे बंद, म्हणजे शिऱ्यातला बेदाणासुद्धा, हे पाहुण्यांना आधीच सांगून ठेवायचं.

आणि मग गणपती. लालबागमध्ये पिल्लू वाढवायचं आणि गणपतीची तयारी करायची नाही असं कसं चालेल! आम्ही जुलैपासूनच जेवणाच्या वेळी मोबाईलवर ढोलताशा अगदी हळू लावायचो, इतका हळू की ती खाणं थांबवणार नाही, मग दर काही दिवसांनी थोडा वाढवायचा. चिंतामणी या मोठ्या सार्वजनिक गणपतीचं आगमन असतं चिंचपोकळीला, त्या दिवशी खाली अर्थातच नेलं नाही, पण खिडकी थोडी उघडी ठेवून चौदाव्या मजल्यावर येणारा तो आवाज तिला ऐकवला, समोर चघळायला कडक च्यूस्टिक. कान टवकारले, खिडकीकडे बघितलं, परत चघळायला लागली. माझ्या डोळ्यात पाणीच आलं. विसर्जनाच्या दिवशी मात्र आतल्या खोलीत, पडदे लावून, पंखा फुल, कोणीतरी एक जण सतत तिच्यासोबत. मिरवणुकीत कुत्र्याला घेऊन जाणारे लोक दिसतात, हात जोडून विनंती आहे, नका नेऊ. त्याचे कान आपल्यापेक्षा कितीतरी तिखट असतात.

आता दिवाळीची तयारी चालू आहे, फटाक्यांचे आवाज ढोलापेक्षा अवघड असतात कारण ते अचानक येतात, त्यामुळे तोच प्रकार अजून हळू आवाजापासून सुरू केलाय. दिवाळीत घाबरून पळून हरवणारी कुत्री खूप असतात म्हणून पट्ट्याला फोन नंबरचा बिल्ला आत्ताच लावून घेतला, आणि त्या चार दिवसांत संध्याकाळचं फिरणं पाचलाच उरकायचं असं घरात ठरलंय. काळीला पण त्या रात्री बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये बसू द्यायचं, वॉचमन काकांशी बोलणं झालंय, सेक्रेटरींना या रविवारी विचारणार आहे.